फेरम आणि दामले मास्तरांचा कोट

फाल्गुन लागला, एवढं लिहिलं की वाचणारे पाठ टेकून सैल बसतात. आता हा मोहराबद्दल लिहील, मग एक कोकिळा येईल, मग कुणीतरी परगावी गेलेलं आठवेल आणि डोळे पुसायला सवड मिळेल, असा हिशेब मनात चालू होतो. तर क्षमा असावी. मोहर आमच्याकडे भरपूर आहे, त्यावर तुडतुडा पडलाय आणि बागवाले सकाळपासून शिव्या देतायत. कोकिळाही परसात ओरडतेय, पण तिची नक्कल मी तिच्यापेक्षा बरी करतो, तेव्हा तिला उगाच मध्ये कशाला घ्या? मी लोखंडाबद्दल लिहिणार आहे. कुणाला उठून जायचं असेल तर आत्ताच जावं. वहाणा दाराशीच आहेत.

मी इथंच, रत्नागिरीत, एका डॉक्टरांकडे कंपाउंडर आहे. डॉक्टर व्हिजिटला गेले की दवाखान्यात मीच डॉक्टर. म्हणजे आवाजापुरता. औषधांच्या कपाटात वरच्या फळीवर तपकिरी बाटल्या आहेत आणि त्यांच्यावर डॉक्टरांच्या अक्षरात लिहिलेलं आहे: टिंक्चर फेरी, फेरी सल्फ, आणि अशीच आणखी फेरीची भावंडं. रक्त कमी झालेल्या बायकांना हे औषध देतात. दात काळे होतात म्हणून नळीनं प्यायचं. "आणि चहाबरोबर घेऊ नका हो वहिनी, पोटात शाई होईल," असं मी डॉक्टरांच्या खर्जात सांगतो. वहिनी घाबरतात, पडद्यामागचे पेशंट हसतात. एवढ्यात बाहेरून कैरीचा वास येतो, लांबून कुठून तरी ढोल ऐकू येतो, पालखी कुणाच्या तरी अंगणात नाचत असते, आणि हातातली बाटली मी उगाच जरा जास्त वेळ धरून ठेवतो. त्या बाटलीवरच्या दोन अक्षरांवर मी अजून जळतो. ती अक्षरं आधी माझी होती. निदान आवाज तरी माझा होता.

*

इंग्रजी सहावीत आम्हाला शास्त्र शिकवायला दामले मास्तर होते. उंच, वाळके, नाकात बोलणारे. वर्षाचे बारा महिने एकच पांढरा गळाबंद कोट, आणि त्याच्या वरच्या खिशात तपकिरीची डबी. एखादा मोठा शब्द यायचा असला की आधी चिमूट नाकात जायची, मग उजव्या हाताचं बोट हळूहळू वर चढायचं, आणि ते पुरतं चढल्यावर शब्द बाहेर पडायचा. बोट चढेपर्यंत आम्ही सगळे बोटाबरोबर वर बघायचो.

एकदा दत्तूनं विचारलं, "सर, लोखंडाला आयर्न म्हणतात, मग त्याच्यापुढं एफ-ई कशाला लिहायचं?"

दत्तू म्हणजे माझा बाकावरचा शेजारी. घर मांडवीला, अगदी समुद्राला लागून. बाप बोटीवर खलाशी, काका मासेमारीतला. दत्तू स्वतः कमी बोलणारा, काळासावळा, आणि हसला की अख्खा वर्ग मागं वळून बघणार असा. त्या हसण्याविषयी मी पुढं सांगणारच आहे.

मास्तरांनी चिमूट घेतली. बोट चढलं. "फे... रम! लॅटिन. अरे, पोरगा गावभर बाबल्या म्हणून हिंडतो, पण शाळेच्या पटावर त्याचं खरं नाव लागतं की नाही? लोखंडाचं पटावरचं नाव फेरम. आणि त्याला दोन मुलगे. धाकटा फेरस, जरा हिरवट, मवाळ. थोरला फेरिक, तांबडा, तापट. धाकट्याला हवेवर उघडा सोडा, तो थोरल्यासारखा होतो. समजलं, गधड्यांनो?"

समजलं काहीच नाही, पण माझं काम झालं होतं. त्या संध्याकाळी मांडवीच्या धक्क्यावर मी धोतराचा सोगा गळ्याशी आवळून कोट केला, नाक चिमटीत धरलं आणि बोट चढवायला घेतलं. इतकं हळू चढवलं की समोरचा गलबतावरचा माणूस काम सोडून बघत राहिला. "फे... रम!" आणि दत्तू हसला.

दत्तूचं हसणं म्हणजे आधी काही क्षण काहीच नसायचं. तोंड उघडं, डोळे मिटलेले, श्वास बंद. वाटायचं, ह्याला काहीतरी झालं. मग आतून कुठून तरी वल्ह्याच्या खुंटीसारखी कुरकुर सुरू व्हायची, ती वाढत वाढत जायची आणि शेवटी तो खाली बसायचाच. टाळ्या सगळेच वाजवायचे. पण ती आधीची शांतता, ती फक्त माझ्यासाठी होती. तिच्यासाठी मी हेडमास्तर झालो, टपालवाला झालो, आमच्या आत्याबाई झालो, एकदा तर बोटीचा भोंगा झालो. तो बोटीचा भोंगा ऐकून दोन हमाल खरंच धक्क्यावर धावत आले होते.

आणि मग त्याच बोटीतून सुधाकर उतरला.

*

त्याचे वडील ओव्हरसियर. मुंबईहून बदली होऊन आले. सुधाकर गोरा, चष्मा लावणारा, पायात बूट, आणि बोलायची तऱ्हा अशी की "आपण असं करूया हं" म्हणाला की सगळ्यांना वाटायचं, आपल्यालाच विचारलं. त्यानं माझं काही वाईट केलं नाही, हे मला आधीच सांगून टाकलं पाहिजे, कारण वाईट केलं असतं तर मला किती सोपं गेलं असतं! तो सगळ्यांशी चांगला. माझ्याशी तर जास्तच चांगला. माझ्या नकलांना हसायचा सुद्धा, पण कसा, तर एखाद्या लहान मुलानं कविता म्हणून दाखवल्यावर पाहुणे हसतात ना, तसा.

दामले मास्तरांनी त्याला पहिल्याच आठवड्यात शास्त्राच्या कपाटाची किल्ली दिली. आम्हाला त्या कपाटाच्या काचेला नाक लावायचीही बंदी होती. मधल्या सुट्टीत त्यानं ओसरीवर दोन नळ्या आणल्या. एकीत फिकट पिवळं, एकीत नुसतं पाण्यासारखं.

"हे फेरिक क्लोराइड," तो म्हणाला. बोट नाही, चिमूट नाही, नाक नाही. सरळ, आपल्या चुलत्याचं नाव सांगावं तसं. आणि एकीतलं दुसरीत ओतलं.

रक्त! नळीभर लालभडक रक्त. पोरं मागं सरली आणि पुन्हा पुढं आली. मग त्यानं तिसरं काहीतरी आणलं, त्याचं नाव फेरोसायनाइड, आणि ह्या वेळी निळं झालं. असं निळं, की आरे-वारेचा समुद्र दुपारी बाराला सुद्धा त्याच्यापुढं पाणी भरेल.

मी तिथल्या तिथं दामले मास्तर काढले. चिमूट घेतली, बोट चढवलं, बोट अर्ध्यावर असताना दत्तू माझ्याकडं न बघता म्हणाला, "थांब रे जरा. तो काय सांगतोय ऐकूया." आणि सुधाकरकडं वळून, "पुढं काय होतं?"

पुढं काय होतं! दत्तूच्या तोंडून हा प्रश्न मी आधी कधी ऐकला नव्हता. माझ्या नकलेत पुढं काही होत नसे. होतं ते तिथंच, लगेच, आणि मग हसणं. हसणाऱ्या माणसाला मी पाहिजे तेवढा वेळ धरून ठेवू शकतो. प्रश्न विचारणाऱ्याला कसं धरायचं?

माझं बोट अर्ध्यावरच राहिलं. ते खाली आणताना जेवढी लाज वाटली तेवढी मॅट्रिकला नापास झालो तेव्हाही वाटली नाही.

*

लोखंड गंजतं म्हणजे सावकाश जळतं, असं दामले मास्तर सांगायचे. धूर नाही, ज्योत नाही, पण जळतं. त्या फाल्गुनात हे मला समजावून सांगायची गरज उरली नव्हती.

सुधाकरच्या घरी वडिलांच्या कचेरीतले नकाशे असत. निळ्या कागदावर पांढऱ्या रेघा. नकाशा उमटवायच्या आधीच्या कोऱ्या कागदाचे कापून उरलेले तुकडे तो आणायचा. त्याचं नाव फेरोप्रशिएट. पुन्हा फेरो! माझा असा समज होत चालला होता की ह्या मुंबईकरानं येताना बोटीत ट्रंकेबरोबर फेरमचं सगळं कुटुंबच घालून आणलंय. धक्क्यावर उन्हात त्यानं तो कागद मांडला, म्हणाला, "दत्तू, आपण तुझा हात ठेवूया हं." दत्तूनं हात ठेवला. मी शेजारीच उभा होतो. मलाही दोन हात आहेत.

बराच वेळ ऊन खाऊ दिलं, मग कागद विहिरीच्या पाण्यात धुतला, आणि निळ्यावर पांढरा, दत्तूचा हात उमटला. बोटं पसरलेली, करंगळी जरा वाकडी. लहानपणी होडीत चेमटली होती ती. दत्तू त्या हाताकडं असा बघत होता की जणू तो त्याला आजच मिळाला.

तो कागद त्यानं घरी नेऊन पेटीत ठेवला, शिमग्याला घालायच्या नव्या सदऱ्याखाली. मी स्वतः बघितला, म्हणून सांगतो. मी त्याला इतकी वर्षं हसवलं, पण हसणं काही पेटीत ठेवता येत नाही.

एका रविवारी आम्ही तिघं सड्यावरून, म्हणजे गावावरच्या उघड्या पठारावरून, चाललो होतो. कातळ तापलेला, करवंदांच्या जाळीला फुलं, तांबडा धुरळा गुडघ्यापर्यंत. सुधाकर थांबला, बुटाचं टोक जमिनीवर घासलं आणि म्हणाला, "हा लाल रंग आहे ना, तो फेरिक ऑक्साइडचा. तुमचा सगळा जांभा दगड फेरमनं भरलाय." दत्तूनं पाय उचलून आपला तळवा बघितला. मीही बघितला, पण तो दुसरीकडं बघत असताना. आमच्या घराचे चिरे, विहिरीचा कठडा, आईच्या लुगड्याचा काठ, शाळेत जाताना येताना लागणारी माती, माझं सगळं बालपण ह्या रंगाचं. आणि त्याचं पटावरचं नाव मला सांगणार कोण, तर ज्याच्या तळव्याला ती कधी लागलीच नाही तो! मला त्या दिवशी कातळाचासुद्धा राग आला. त्यानं तरी इतकी वर्षं मला का सांगितलं नाही?

घरी विहिरीपाशी मी हे शब्द घोकायला लागलो. फेरस आत्याबाईंच्या आवाजात, फेरिक दामले मास्तरांच्या, फेरोसायनाइड सरकारी वकिलाच्या. नुसतं माझ्या आवाजात म्हणून बघितलं, तर जमेना. माझा आवाज कुठला तेच सापडेना.

आई स्वयंपाकघरातून ओरडली, "कुणाला शिव्या देतोस रे तिन्हीसांजेला?"

*

आता शिमग्याचं सांगतो, कारण सगळं तिथंच झालं. आमच्याकडं शिमग्यात पोरं सोंगं काढतात, घरोघर जाऊन नाचतात आणि पोस्त मागतात, म्हणजे खुशाली. आणि एक नेम सगळे पाळतात. होळीपासून रंगपंचमीपर्यंत कुणी कुणाचंही सोंग काढावं, सावकाराचं, फौजदाराचं, भटजीचं, ज्याचं काढलं त्यानं रागवायचं नाही. हसायचं आणि हातावर काहीतरी ठेवायचं. माझ्यासारख्याची ही दिवाळीच. आदल्या साली मी पोस्टमास्तर झालो होतो, त्याच्या आदल्या साली सर्कशीतला वाघ आणि त्याचा मालक दोन्ही.

धक्क्यावर बसून यंदाचं ठरत होतं. दत्तू आमचा म्होरक्या, कारण सोंगं त्याच्या अंगणातून निघायची.

"यंदा सुधाकरची जादू करूया," तो म्हणाला. "फेरमबुवा! पाण्याचं रगत, रगताचं निळं. कुणी बघितलेलं नाय."

"आणि मी?"

दत्तूनं विचार केला. खरंच केला, म्हणून जास्त लागलं. "तू लोटे धर."

लोटे धर! वाघ झालेल्या माणसाला! सुधाकर लगेच म्हणाला, "नाही नाही, आपण त्याला काहीतरी बोलायला देऊया हं." म्हणजे आता माझं बोलणंही तोच मला देणार. मी हसलो, हो म्हटलं आणि घरी येईपर्यंत वाटेतल्या प्रत्येक दगडाला लाथ मारली. दोन वेळा अंगठा फुटला.

आमच्या शेजारी परटाचं घर. धुळवडीच्या दिवशी त्याच्या दोरीवर दामले मास्तरांचा कोट वाळत होता. पांढराफेक, गळाबंद, वारा भरून थोडा फुगलेला, बोट चढवायच्या बेतात असल्यासारखा. परीट होळीपाशी ढोल वाजवायला गेलेला. मी कोटाकडं बघितलं, कोटानं माझ्याकडं. एवढंच. बाकी सगळं कोटानंच केलं.

*

दत्तूच्या अंगणात माडाखाली एक मोठी लाकडी डोण होती. ऐनाची साल उकळून तिचं तांबूस पाणी त्या डोणीत भरलेलं असायचं आणि कोळी त्यात जाळी बुडवून ठेवायचे. त्यानं सूत टिकतं, खाऱ्या पाण्यात कुजत नाही. मांडवीतल्या शेंबड्या पोरालासुद्धा एक गोष्ट ठाऊक असते, की ह्या पाण्याला लोखंड लावायचं नाही. कढई नको, पळी नको, खिळासुद्धा नको. मलाही ठाऊक होतं. तिथंच वाढलो मी.

अंगण भरलेलं. सुधाकर पाटावर नळ्या मांडून बसलेला, डोक्याला जरीचा फेटा, फेरमबुवा. दत्तू ढोलकी घेऊन. आणि मी माडामागून निघालो, कोट घालून.

आधी कुणी ओळखलंच नाही. पोरं चक्क उठून उभी राहिली! मी चिमूट घेतली. बोट चढवलं, चढवलं, चढवलं. "गधड्यांनो! हे काय आहे? फे... रम!" आणि अंगण फुटलं. बायका पदर तोंडाला लावून, म्हातारे मांडीवर थापा मारून. मी तिथं थांबायला हवं होतं. पण मी चष्मा नसताना चष्मा वर सरकवला, पाय जुळवले आणि म्हणालो, "आपण असं करूया हं." सुधाकर झालो! लोक आणखी हसले. सुधाकर स्वतः हसला, मनापासून, टाळी वाजवून. तो चिडला असता तर काय बिघडलं असतं?

मग मी वल्हं उचललं, डोणीत घातलं आणि "हे पाहा माझं रसायन!" म्हणत घुसळायला लागलो. घुसळता घुसळता वल्हं काठावर आपटलं आणि ऐनाचं पाणी गळ्यापासून गुडघ्यापर्यंत माझ्या अंगावर आलं. माझ्या कुठलं, मास्तरांच्या.

"अरे मेल्या!" दत्तूची आई ओट्यावरून ओरडली. "ऐनाचा पानी हाय तो! जन्मात जायाचा नाय डाग!"

हशा तर असा उसळला की माडावरचे कावळे उडाले. मी मात्र एकाच तोंडाकडं बघत होतो. आता शांतता होईल, मग कुरकुर. दत्तू ढोलकी बाजूला ठेवून डोणीकडं बघत होता. कपाळाला आठी. तो सुधाकरकडं वाकला आणि म्हणाला, "ह्या पाण्यात तुझा तो हिरवट फेरस घातला तर काय होईल रे?"

"काळं होईल," सुधाकर म्हणाला. "शाईच."

मी हे ऐकलं. अगदी स्पष्ट ऐकलं. पण कान तापलेले असले की ऐकलेलं आत जात नाही, दारातच उभं राहतं.

*

दुसऱ्या दिवशी सकाळी आई पालखीच्या दर्शनाला गेली. कोटाच्या छातीवर तपकिरी डाग, सगळ्या कोकणाचा नकाशा काढल्यासारखा, खाली मालवणपर्यंत. मी विचार केला: तांब्या काळा पडला की आई त्याला चिंच लावते आणि तो लख्ख होतो. तांब्या होतो, तर कोट का होणार नाही? इतका स्वच्छ विचार मी त्या आधी आणि नंतर कधी केलेला नाही.

आईचं पितळी घंगाळ घ्यायची छाती नव्हती. परसात माडाचा खड्डा खणताना वापरलेलं एक लोखंडी घमेलं पडलं होतं, गंजून तांबडं झालेलं. त्यात पाणी, त्यात गोळाभर चिंच, त्यात कोट. आणि मी शेजारी बसून कैरीला मीठ लावत होतो. विहिरीच्या काठावर पिवळा धोबी पक्षी शेपूट हलवत होता. ढोल लांब गेला होता. आंब्याखालची जमीन सगळी मोहराच्या काड्यांनी भरलेली. मला त्या दिवसातलं सगळ्यात जास्त काय आठवतं, तर तो चिंच आणि गंजाचा मिळून झालेला वास. तोंडात पैसा धरल्यासारखा.

दुपारी कोट बाहेर काढला तर काय! डाग फिका! जरासा धुरकट, पण फिका. मी अंगणात नाचलो. सोड्याच्या पाण्यातून काढला, पिळला, दोरीवर टाकला आणि खाली बसून त्याच्याकडं प्रेमानं बघत राहिलो. त्या क्षणी मला सुधाकरचं काही वाटत नव्हतं. नळ्या त्याच्या असतील, पण ही चिंच माझी.

मग ऊन लागलं आणि वारा लागला.

आधी गळ्यापाशी एक करडी सावली आली. मला वाटलं, ढग. वर बघितलं तर आभाळ कोरं. सावली खाली उतरायला लागली. छातीवर मालवणपर्यंतचा नकाशा पुन्हा उठला, ह्या वेळी काळा, आणि पाठीवर घमेल्याच्या कडेचं गोल वळं. मी बघत होतो आणि तो काळा होत होता. पळत जाऊन मी कोटापुढं हात पसरून उभा राहिलो, वारा अडवायला.

तसाच मी उभा असताना कुंपणातून दत्तू आणि सुधाकर आत आले. मला पालखीला न्यायला आले होते. सुधाकर जवळ आला, चष्मा वर सरकवला, कोटाचा काठ बोटात धरला आणि अगदी हळू, देवळात बोलावं तसं म्हणाला, "हवा लागली. फेरसचा फेरिक झाला."

तो बरोबर होता. इतका बरोबर, की मला त्याला चावावंसं वाटलं.

*

दामले मास्तरांनी नेम पाळला. परटानं कोट नेऊन देताना त्यांना सगळं सांगितलं होतं, तरी रंगपंचमी होईपर्यंत रस्त्यात भेटले तर नुसते "काय?" म्हणायचे. सणाचे राहिलेले दिवस मी कसे काढले ते मलाच ठाऊक. रंगपंचमीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी मला घरी बोलावलं. पडवीत खुंटीला तो कोट. मास्तर उघड्या अंगानं, खांद्यावर पंचा. कोटाशिवाय ते इतके बारीक होते की मला आपण त्यांना अर्धं नेलंय असं वाटलं.

सुधाकर माझ्याबरोबर आला होता. दत्तू आला की नाही, मला दिसलं नव्हतं.

"सर, मी सांगू का काय झालं ते?" सुधाकरनं दारातून विचारलं. "सालीतलं टॅनिन आणि फेरस..."

"तू घरी जा," मास्तर म्हणाले. "तुला येतं ते. तुला काय ओरडायचं मी?"

सुधाकर दारातच राहिला. घरी गेला नाही, आतही आला नाही. मी मान खाली घालून तिरका बघत होतो. आयुष्यभर लोकांचे चेहरे उचलत आलोय, म्हणून सांगतो: त्याच्या तोंडावर जे होतं ते मी ओळखलं. शिमगाभर तो चेहरा मीच घालून हिंडत होतो.

"इकडं बघ!" मास्तर कडाडले. "सोंग काढलंस, त्याचं मला काही नाही. चांगलं काढलंस म्हणतात. परटाची बायको तर म्हणाली, तुम्हीच आला होता. कोट नेलास, त्याचंही सोडून देतो. पण गाढवा, इतके महिने मी तुझ्यासमोर तोंड फोडून ओरडतोय आणि तू काय करतोस, तर माझं तोंड बघतोस! बोट बघतोस, नाक बघतोस! माझ्या आवाजात बोलतोस आणि माझं ऐकत नाहीस! त्यातला एक शब्द जरी कानात गेला असता, तर ऐनाचा डाग लोखंडाच्या घमेल्यात घातला असतास? चिंच घालून? अरे, चिंचेनं लोखंड पाण्यात सुटतं! काय सुटतं? सांग! काय?"

माझ्या तोंडून आवाज फुटेना. एकही. आत्याबाई नाहीत, वकील नाहीत, कुणी नाही.

"सांगतो मीच!" त्यांनी खुंटीवरच्या कोटाकडं हात नेला, वरच्या खिशातून डबी काढली, चिमूट घेतली आणि बोट चढायला लागलं. मी काय करू? इतक्या महिन्यांची सवय. मान खाली, डोळ्यांत पाणी, आणि माझंही बोट धोतराजवळून निघालं. त्यांचं चढत होतं, माझंही चढत होतं. छातीपर्यंत. खांद्यापर्यंत. दोघंही कानाशी पोहोचलो.

"फे..."

खिडकीबाहेर एकदम काहीतरी बंद पडल्यासारखं झालं. कुणाचा तरी श्वास. मी तसाच बोट वर करून उभा. आणि मग ती कुरकुर, खुंटीत वल्हं फिरल्यासारखी, वाढत वाढत, वाढत वाढत, आणि भिंतीला घासत कुणीतरी धप्पकन खाली बसल्याचा आवाज.

"कोण हसतंय तिकडं!" मास्तरांचं बोट अजून वरच. "दत्तू! आत ये! आत ये म्हणतो! हसू येतंय? ह्या गाढवाच्या शेजारी उभा राहा. हां. बाकावर शेजारी, इथंही शेजारी! तुझ्या घरी जाळी सालीत टाकतात ना? मग ह्याला घमेलं नेताना अडवायला काय झालं होतं? नव्हतास? मग कुठं होतास? ते मला नको सांगूस! हा कोट घ्या दोघं. असा कावळा अर्धा धुतल्यासारखा घालून मी वर्गात येऊ? ऐनाचं पाणी एका मडक्यात वेगळं काढा, काकाची डोण नासवू नका, त्यात बुडवा, मग लोखंड, मग वारा. सगळा काळा झाला पाहिजे, गळ्यापासून खालपर्यंत, एक पांढरा ठिपका दिसला तर दोघांची चामडी लोळवीन. आणि तू, नकल्या, का काळा होतो ते मला सोमवारी वर्गात सांगायचं. तुझ्या आवाजात, समजलं? माझ्या नाही! चला, निघा. आणि हसू नका! आणि ऐका, त्या दारातल्या शहाण्याला बरोबर नेऊ नका. तो तुम्हाला सगळं सांगून टाकील!"